रायटर बिघडलेला नसतो, चाचणी चुकलेली असते: डीव्हीडी राइटिंग तपासताना या चुका टाळा

डीव्हीडीचा जमाना संपला असं ज्याला वाटतं, त्यानं लग्नसराईत सोलापुरातल्या एखाद्या फोटो स्टुडिओत तासभर बसावं. अल्बमबरोबर दोन-चार डीव्हीडी अजूनही मागितल्या जातात, कारण गावाकडे टीव्हीखाली प्लेअर आहे आणि म्हाताऱ्या माणसांना पेनड्राइव्ह नको असतो. याच स्टुडिओत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "रायटर गेला बघा." बहुतेक वेळा तो, म्हणजे डिस्क लिहिणारा ड्राइव्ह, गेलेला नसतो. कुणीतरी चुकीची गोष्ट, चुकीच्या पद्धतीनं मोजलेली असते.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की वेग आणि दर्जा या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. डिस्क सहा मिनिटांत निघाली म्हणजे चांगली निघाली, असं नाही. वीस मिनिटं लागली म्हणजे काळजीपूर्वक लिहिली गेली, असंही नाही.

१६ एक्स म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत १६ एक्स, हे गृहीत धरणं

डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी. त्या हिशेबानं १६ एक्स म्हणजे सुमारे २२ एमबी. मग ४.७ जीबी साडेतीन मिनिटांत का होत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात. स्कूटरच्या मीटरवर १२० छापलेलं असतं म्हणून सात रस्त्याच्या चौकातून कुणी १२० नं जात नाही.

१६ एक्सला डिस्क एकाच गतीनं फिरते, मिनिटाला नऊ हजारांहून थोडे जास्त फेरे. लिहिणं आतल्या कडेपासून, म्हणजे केंद्रापासून २४ मिमीवर सुरू होतं आणि बाहेर ५८ मिमीपर्यंत जातं. आतला घेर लहान, त्यामुळे तिथं वेग साडेसहा एक्सच्या आसपासच मिळतो. १६ चा आकडा दिसतो तो अगदी शेवटी, बाहेरच्या कडेला. सरासरी येते १२ च्या आसपास. डिस्कची सुरुवात आणि शेवट बांधायला ड्राइव्हला लागणारा वेळ (लीड-इन, लीड-आउट) धरून, भरलेली डिस्क साडेपाच ते सहा मिनिटांत निघाली, तर रायटर ठणठणीत आहे. ८ एक्सला साधारण आठ मिनिटं, ४ एक्सला चौदा-पंधरा मिनिटं धरा.

म्हणूनच ७०० एमबी टाकून "टेस्ट" करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तेवढा डेटा आतल्या साडेसात मिलिमीटरमध्येच संपतो, तिथं वेग ९ एक्सच्याही आत असतो आणि बाहेरची कड तर कोरीच राहते. डिस्क वाकडी असली, ज्यावर लेझर लिहितो तो रंगद्रव्याचा थर असमान असला किंवा ड्राइव्ह थरथरत असला, तर ते सगळं बाहेरच्या कडेलाच दिसतं. चाचणी करायची तर डिस्क काठोकाठ भरा. एक कोरी डिस्क वाया जाईल, जाऊ द्या.

वेग कमी आला की थेट रायटर बदलणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

नवी पेठेतल्या दुकानदारांना हा प्रकार पाठ आहे. स्टुडिओवाला येतो, सांगतो की कालपर्यंत सहा मिनिटांत निघणारी डीव्हीडी आज पंचवीस मिनिटं घेते, आणि राइटिंग चालू असताना संगणकावर दुसरं काहीच करता येत नाही, माऊससुद्धा अडखळतो. नवीन रायटर घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तीच तक्रार, फक्त आवाज चढलेला. मग डिस्कची कंपनी बदलून पाहतो, मग अँटिव्हायरस काढून टाकतो, शेवटी फॉरमॅट मारतो. फॉरमॅट मारल्यावर चालतं, आणि "व्हायरस होता" असा निकाल लागतो.

व्हायरस नसतोच. त्यानं सुरुवातीलाच सांगितलेल्या "माऊस अडखळतो" या एका गोष्टीत निदान होतं. राइटिंगचं काम नेहमी दुकानातल्या सगळ्यात जुन्या संगणकावर टाकलेलं असतं. त्यात आयडीई, म्हणजे रुंद पट्टी केबलनं जोडलेले जुने ड्राइव्ह, आणि विंडोज एक्सपी. एखादी ओरखडलेली डिस्क वाचताना किंवा डेटा केबल सैल असताना त्या चॅनलवर, म्हणजे त्या केबलच्या वाटेवर, चुका होतात. अशा सहा चुका साठल्या की एक्सपी तो चॅनल डीएमए मोडमधून (यात डेटा प्रोसेसरला न अडवता थेट मेमरीत जातो) खाली खाली ढकलत पीआयओ मोडमध्ये आणून ठेवतं आणि आपणहून परत वर नेत नाही. पीआयओमध्ये प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या हातून जातो. म्हणून माऊस अडखळतो, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि प्रत्यक्ष वेग सेकंदाला चार-पाच एमबीच्या वर सरकत नाही. नवीन रायटर त्याच केबलवर, त्याच चॅनलवर लावला की त्याचंही तेच होणार.

तपासायचं असं: डिव्हाइस मॅनेजर उघडा, आयडीई कंट्रोलरखालच्या चॅनलच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये "करंट ट्रान्सफर मोड" पाहा. तिथं पीआयओ लिहिलेलं असेल तर तो चॅनल अनइन्स्टॉल करा आणि संगणक रीस्टार्ट करा. विंडोज चॅनल पुन्हा ओळखतं आणि मोड जागेवर येतो. विंडोज ७ मध्ये तिथंच "एनेबल डीएमए" वर टिक आहे का ते बघा. पण केबल न बदलता एवढंच केलंत तर महिन्याभरात परत त्याच ठिकाणी याल. ४० तारांची जुनी पट्टी काढून ८० तारांची लावा. कॅबिनेट उघडलंच आहे तर ते करून टाकायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढाच धीर लोकांना नसतो.

रायटर आणि ज्या हार्ड डिस्कवरून डेटा येतो ती, दोन्ही एकाच आयडीई केबलवर ठेवू नका.

बफरचा पट्टा न बघणं

इमेजबर्न या राइटिंगच्या प्रोग्राममध्ये काम चालू असताना दोन पट्टे दिसतात: एक प्रोग्रामचा बफर, म्हणजे डेटाचा तात्पुरता साठा, एक ड्राइव्हचा. ड्राइव्हचा बफर बहुधा २ एमबीचा असतो, म्हणजे १६ एक्सला सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळाचा साठा. हा पट्टा शंभराच्या आसपास स्थिर असेल तर संगणक वेळेवर डेटा पुरवतोय. तो खालीवर नाचत असेल तर ड्राइव्ह उपाशी राहतोय. साठा संपणं म्हणजे बफर अंडररन; त्यापासूनच्या संरक्षणामुळे डिस्क वाया जात नाही, लेझर थांबतो आणि पुन्हा त्याच जागी जोडून सुरू करतो, पण वेळ वाढतो आणि प्रत्येक जोडावर चुका वाढायची शक्यता असते.

वेगाच्या आलेखात खड्डा दिसला म्हणून मात्र लगेच घाबरू नका. काही ड्राइव्ह मध्येच मुद्दाम थांबून लेझरची ताकद पुन्हा जुळवून घेतात. ते खड्डे अरुंद असतात आणि त्याच कंपनीच्या डिस्कवर दर वेळी जवळपास त्याच जागी पडतात. अंडररनचे खड्डे कुठंही, कसेही पडतात.

हजारो छोटे फोटो थेट फोल्डरमधून राइट करत असाल तर आधी आयएसओ, म्हणजे सगळ्या डिस्कची मिळून एकच फाइल, बनवा, मग ती मारा. नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकातला डेटा सरळ डिस्कवर ओतणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपला बाहेरून लावायचे पातळ रायटर ८ एक्सचेच असतात, भरलेल्या डिस्कला दहा मिनिटं धरा. यूएसबी २.० च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात आणि लिहिताना लेझर व मोटरला तेवढे पुरत नाहीत. दोन तोंडांची वायर असेल तर दोन्ही तोंडं लावा, आणि डेस्कटॉपला लावत असाल तर कॅबिनेटच्या पुढच्या नाही, मागच्या पोर्टला. हबला तर नाहीच नाही.

"व्हेरिफाय ओके" म्हणजे दर्जा उत्तम, असं समजणं

माझ्या मते नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. व्हेरिफाय एवढंच सांगतं की आज, या ड्राइव्हवर, या डिस्कमधला डेटा वाचता आला. तो किती ओढाताण करून वाचला, हे सांगत नाही.

डीव्हीडीवर डेटा ३२ केबीच्या ठोकळ्यांत असतो. प्रत्येक ठोकळ्यात २०८ ओळी, प्रत्येक ओळीत १८२ बाइट. ओळीत पाचपर्यंत बाइट चुकले तर पहिल्या फळीची दुरुस्ती, पीआय, ते भरून काढते. त्यापेक्षा जास्त चुकले तर ती ओळ पीआय फेल्युअर, म्हणजे पीआयएफ. मग दुसरी फळी, पीओ, उभ्या रांगांवरून ती ओळ वाचवते. तीही हरली तर पीओएफ, म्हणजे तिथला डेटा गेला. व्हेरिफाय नापास होतं ते फक्त या शेवटच्या पायरीवर. त्याआधी डिस्क किती काठावर आहे, हे कळायला स्कॅन, म्हणजे या चुकांची मोजणी, लागतो.

मानकाची मर्यादा अशी: सलग आठ ठोकळ्यांत मिळून पीआय चुका (म्हणजे चूक असलेल्या ओळी) २८० च्या आत, एका ठोकळ्यात पीआयएफ ४ पर्यंत, पीओएफ शून्य. पण २८० च्या आत आहे म्हणून समाधान मानणं म्हणजे ३५ मार्कांवर पेढे वाटणं. चांगल्या डिस्कवर पीआयचं सर्वात उंच टोक ५० च्या आत राहतं आणि पीआयएफ एक-दोनवर. जिटर, म्हणजे डिस्कवरच्या खुणांच्या वेळेतला हेलकावा, दाखवणारा ड्राइव्ह असेल तर ९ टक्क्यांच्या आत छान, ११ च्या पुढे गेलं की जुने प्लेअर कुरकुरायला लागतात.

नीरोच्या डिस्कस्पीड किंवा ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल या प्रोग्राममध्ये हा स्कॅन होतो. इथं होणाऱ्या चुका:

कुठल्याही ड्राइव्हवर स्कॅन करणं. अनेक ड्राइव्ह हे आकडे देतच नाहीत, काही देतात ते विश्वासाचे नसतात. लाइटऑनचे आणि जुने बेनक्यू ड्राइव्ह या कामाला चांगले. असा एक ड्राइव्ह फक्त स्कॅनसाठी बाजूला ठेवा, त्यावर राइटिंग करू नका.

आज ४ एक्सला, उद्या १२ एक्सला स्कॅन करून आकड्यांची तुलना करणं. वेग बदलला की आकडे बदलतात. ८ एक्स ठरवा आणि तोच ठेवा. दोन वेगळ्या ड्राइव्हवरचे स्कॅन तर एकमेकांशेजारी ठेवूच नका.

खाली येणारा "क्वालिटी स्कोअर" बघून निर्णय घेणं. तो गुण पीआयएफच्या सर्वात उंच टोकावरून निघतो. बोटाच्या एका ठशामुळे एकच काटा वर जातो आणि ९८ ची डिस्क ७० वर येते. आकडा नको, आलेख बघा. एकटादुकटा काटा असेल तर डिस्क मधून बाहेर सरळ रेषेत पुसून परत स्कॅन करा. बाहेरच्या कडेला सगळा आलेखच चढत गेला असेल, तर दोष राइटिंगच्या वेगात किंवा डिस्कमध्ये आहे.

स्कॅनला ड्राइव्ह नसेल तर साधी ट्रान्सफर रेट चाचणी करा, डिस्क पूर्ण वेगानं वाचायला लावा. वेगाची रेषा आतून बाहेर न अडखळता चढली तर बरं आहे. शेवटच्या जीबीत ती कोसळत असेल तर ती डिस्क गिऱ्हाइकाला देऊ नका.

सगळ्यात जास्त वेग निवडणं

१६ ऐवजी ८ एक्स निवडलात तर डिस्कमागे अडीच मिनिटं जास्त लागतात. अडीच मिनिटं! तेवढ्यासाठी लग्नाची एकमेव प्रत पणाला लावणारे लोक आहेत. उलट टोकही चूकच: १६ एक्सची डिस्क ४ एक्सला मारली की सोनं, असं नाही. आजच्या डिस्कचं रंगद्रव्य आणि ड्राइव्हमधली लेझरची गणितं वरच्या वेगांसाठी जुळवलेली असतात, फार हळू लिहिलं तर निकाल बिघडूही शकतो. एकाच डब्यातल्या तीन डिस्क ८, १२ आणि १६ ला मारा, तिन्ही स्कॅन करा आणि ज्याचा आलेख सपाट तो वेग त्या डब्यासाठी कायम ठेवा. बहुतेकदा ८ किंवा १२ जिंकतो.

डब्यावरचं नाव वाचणं, डिस्कचा कोड न वाचणं

ड्राइव्ह नाव वाचत नाही, डिस्कवर कोरलेला निर्मात्याचा कोड वाचतो आणि त्यावरून लेझर किती ताकदीनं, किती वेळ मारायचा हे आपल्या फर्मवेअरमधल्या, म्हणजे आत भरलेल्या प्रोग्राममधल्या, यादीतून उचलतो. कोड यादीत नसेल तर अंदाजपंचे लिहितो, तेही कमी वेगानं. एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल असू शकतो. इमेजबर्नमध्ये कोरी डिस्क टाकली की उजवीकडे डिस्क आयडी दिसतो. एमबीआयनं सुरू होणारा कोड मोझर बेअरचा, सीएमसी मॅग हा तैवानचा, टीवायजी ताइयो युडेनचा. कोड लिहून ठेवा, आणि चाचणीआधी ड्राइव्हचं फर्मवेअर अद्ययावत करा. पारदर्शक पाकिटातल्या सुट्ट्या डिस्कवर रायटरची परीक्षा घेऊ नका.

बारीकसारीक

आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहायच्या, डिस्कवर दर्जा तपासू नका, तिचं परावर्तनच कमी असतं. "टेस्ट मोड", म्हणजे राइटिंगची नुसती नक्कल, फक्त वजा प्रकाराच्या (डीव्हीडी-आर) डिस्कवर चालतो, अधिक प्रकाराच्या (डीव्हीडी+आर) डिस्कवर नाही, आणि त्यात लेझर पूर्ण ताकदीनं लागतच नाही, म्हणजे दर्जाबद्दल तो काहीच सांगत नाही. डिस्कवर कागदी लेबल चिकटवून चाचणी करू नका, नऊ हजार फेऱ्यांना तोल जातो. ४.७ जीबीची डिस्क विंडोजला ४.३८ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही.

सोलापूरचा उन्हाळा आणि धूळ

एप्रिल-मे मध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा असतो, पत्र्याखालच्या खोलीत बंद कॅबिनेटमध्ये काय असेल याचा विचार करा. लेझर तापला की त्याची तरंगलांबी सरकते, आणि रंगद्रव्य तिच्याबाबतीत नाजूक असतं. सलग दहा प्रती काढल्यात तर पहिलीचा आणि दहावीचा स्कॅन वेगळा येतो. तीन-चार प्रतींनंतर पंधरा मिनिटं थांबा, मोठी ऑर्डर सकाळी उरका. दुपारी तीन वाजता घेतलेली चाचणी सकाळच्या चाचणीशी ताडून बघू नका.

पूर्व भागात, जिथं शेजारीच यंत्रमाग चालतो, तिथं सुताचा बारीक तंतू ट्रेमधून आत जातो आणि लेन्सवर बसतो. आकडे हळूहळू बिघडत गेले असतील तर आधी रबरी फुग्यानं हवा मारा. ब्रश लावलेली क्लीनर सीडी मी तरी वापरत नाही, लेन्सचं झुलतं बसणं नाजूक असतं. आणि यूपीएस हवाच, कारण अंडररन संरक्षण लाइट गेल्यावर उपयोगाचं नाही.

प्रत्येक नव्या डब्यातली एक भरलेली डिस्क स्कॅन करून आलेखाचं चित्र सेव्ह करा, नावात कोड, वेग आणि तारीख घाला. सहा महिन्यांनी तीच डिस्क त्याच ड्राइव्हवर, त्याच वेगानं पुन्हा स्कॅन करा. पीआय दुप्पट-तिप्पट झाल्या असतील तर त्या डब्यातून गेलेल्या प्रती गिऱ्हाइकांना बदलून द्या आणि तो कोड परत घेऊ नका.