पीसीओएस असणाऱ्यांसाठी मोडाच्या मुगाची कोशिंबीर

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हा स्त्रियांमधला संप्रेरकांचा विकार आहे. तो असलेल्या अनेक जणींच्या शरीरात इन्सुलिन तयार होते, पण पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते आणि हे वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला अ‍ॅन्ड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरके, जास्त बनवायला लावते. पाळी लांबणे, हनुवटीवर केस येणे, मुरमे उठणे या तक्रारींना त्यातून बळ मिळते. कोशिंबिरीने हा विकार बरा होत नाही. मात्र जेवणानंतर रक्तातील साखर झपाट्याने चढू नये यासाठी ती खरोखर उपयोगी पडते. त्यासाठी ती पानाच्या डाव्या बाजूला चमचाभर न राहता वाडगाभर असावी आणि तिच्यात भाज्यांबरोबर प्रथिने व थोडे स्निग्धही असावे. नुसत्या काकडी-टोमॅटोच्या चकत्यांवर भूक फार वेळ धरवत नाही.

एका व्यक्तीसाठी अर्धी वाटी मोड आलेले मूग, एक काकडी, एक लहान गाजर, एक टोमॅटो, मूठभर बारीक चिरलेला कोबी आणि भरपूर कोथिंबीर घ्यावी. मूग रात्री भिजत घालावेत, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधावेत. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत जास्त वेळ लागतो. मोडाच्या ओलसर उबेत जंतूही वाढतात, म्हणून मूग कच्चे न घालता चांगले वाफवून घ्यावेत, आणि गर्भधारणेसाठी प्रयत्न चालू असतील तर ही काळजी कधीच टाळू नये. मूग बोटाने दाबला की चेपावा, पण त्याचा लगदा होऊ नये.

काकडीचे टोक चाखून ती कडू नाही याची खात्री करावी आणि मग ती चोचवावी. गाजर किसावे, टोमॅटो चिरावा. गाजर गोड असते म्हणून अनेक जणी ते वगळतात. एका लहान कच्च्या गाजरात साखर बेताचीच असते, तेव्हा ते खुशाल घालावे. सर्व भाज्या व गार झालेले मूग एकत्र करून त्यात दोन चमचे दाण्याचे कूट आणि एक चमचा भाजलेल्या जवसाची पूड मिसळावी. अख्खे जवस बरेचसे न पचताच बाहेर पडतात, म्हणून पूडच हवी.

फोडणीला एक चमचा तेल पुरते. मोहरी तडतडली की जिरे, हिंग आणि हिरवी मिरची घालावी व फोडणी कोशिंबिरीवर ओतावी. वर लिंबू पिळावे. चवीसाठी चिमूटभर साखर घालण्याची पद्धत घरोघरी आहे, परंतु इथे ती सोडावी असे माझे स्पष्ट मत आहे. टोमॅटो पिकलेला असेल तर तिची उणीव भासत नाही. विकतच्या सॅलड ड्रेसिंगमध्येही बहुधा साखर असते, लेबल वाचल्याशिवाय ते वापरू नये. मीठ अगदी शेवटी घालावे, नाहीतर काकडीला पाणी सुटते.

जेवताना ही कोशिंबीर आधी सावकाश चावून संपवावी आणि मग भाकरी-आमटीकडे वळावे, कारण भाज्या व प्रथिने आधी पोटात गेली की पिष्टमय पदार्थांची साखर रक्तात हळू उतरते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भाकरी-भाताचे प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच कमी करावे. डब्यात न्यायची असल्यास कूट, लिंबू आणि मीठ वेगळे ठेवून खायच्या वेळी मिसळावे.