पुट्टी भरलेला ओरखडा रंगाआधी कसा तयार करावा

गाडीच्या ओरखड्यात पुट्टी भरलीय आणि ती वाळलीय, इथून सुरुवात करतो. पॉलिएस्टर पुट्टी साधारण वीस-तीस मिनिटांत घासण्याजोगी होते. तासाभरानेही नख रुतत असेल तर हार्डनर (पुट्टी कडक करणारं रसायन) कमी पडलाय किंवा नीट मिसळला गेला नाही. ती खरवडून काढा आणि नवी भरा. गाडी उन्हात लावून ती कडक होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

८० नंबरच्या सँडपेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) फक्त पुट्टीचा उंचवटा उतरवा, मग १२० आणि १८०. ८० चा पेपर शेजारच्या चांगल्या रंगावर जाऊ देऊ नका. त्याच्या रेघा पुढे रंगातून वर दिसतात.

खरी कसोटी कडेला आहे. मलाही सगळ्यात जास्त छळलं ते कडेनेच. ओरखड्याभोवती क्लिअर कोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर), रंग, प्रायमर आणि पत्रा असे थर असतात. कड नीट उतरली की ते कापलेल्या कांद्याच्या पदरांसारखे एकाभोवती एक दिसतात. पदर रुंद हवेत, एकूण उतार निदान दोन-तीन सेंटीमीटरचा. अरुंद राहिले तर तिथे पायरी असते, आणि रंग चढल्यावर ती उन्हात तिरक्या नजरेला लगेच सापडते.

पेपर बोटांत धरून घासू नका, कोणी कितीही सांगो. क्लिअर कोटपेक्षा पुट्टी मऊ असते, त्यामुळे बोटांखाली ती आधी झिजते आणि मधोमध खळगा पडतो. पुट्टीच्या डागापेक्षा लांब असा ब्लॉक, म्हणजे पेपर गुंडाळायचा ठोकळा, घ्या (दारासारख्या गोलाईवर रबरी) आणि २४० चा पेपर तिरका, आधी एका दिशेने मग उलट्या दिशेने फुलीसारखा चालवा. शेवटी ३२०.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. लांबून काळ्या स्प्रेची हलकी भुरभुर मारा, वाळू द्या आणि ब्लॉक फिरवा. काळं जिथे उरतं तिथे खड्डा आहे. तो जाईपर्यंत आजूबाजूचं घासत बसलात तर सगळंच खाली जाईल. त्याऐवजी पुट्टीचा पातळ हात पुन्हा द्या. मग डोळे मिटून सपाट तळवा आडवा फिरवा, मध्ये पातळ सुती कापड धरलंत तर अजून बरं.

पुट्टीवर पाणी मारून घासायचा सल्ला सर्रास मिळतो, कारण धूळ उडत नाही. मास्क लावा आणि कोरडंच घासा. पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते, ते आतच राहिलं तर पुढे रंगाला फोड येतात, खालचा पत्रा गंजतो. पाण्याचा पेपर प्रायमरनंतर.

सुईच्या टोकाएवढी छिद्रं प्रायमर बुजवेल असं समजू नका. बारीक पुट्टी दाबून भरा, पुन्हा ३२०.

उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे, पावसाळ्यात तर तासाभरात. धूळ झटका, ग्रीस रिमूव्हरने पुसा, टेप लावा. सरफेसरचे (घासून सपाट करता येणाऱ्या जाड प्रायमरचे) दोन-तीन हात, प्रत्येकामध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. पूर्ण सुकला की पुन्हा काळी भुरभुर, मग ६०० चा ओला पेपर, मेटॅलिक रंग असेल तर ८००. घासताना पुट्टी किंवा पत्रा डोकावला, तर तेवढ्या जागी परत प्रायमर मारून मगच रंगाचा डबा उघडा.