फोर बाय फोरचे टायर निवडताना या चुका टाळा

जून जवळ आला की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येते अशा गाड्यांच्या टायरबद्दल ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते. थारला कोणते टायर टाकू? जिम्नीला मोठे बसतील का? माझा उलटा प्रश्न एकच असतो: गेल्या वर्षभरात गाडी कुठे कुठे फिरली? मग हिशेब निघतो. रोजचं ऑफिस, महिन्यातून दोनदा गाव, दिवाळीत कोकण, आणि पावसाळ्यात चार-पाच रविवार एखाद्या पाणंदीवर किंवा धरणाच्या काठाने. म्हणजे शंभरातले नव्वद किलोमीटर डांबर नाहीतर काँक्रीट. टायर मात्र उरलेल्या दहा किलोमीटरसाठी घेतले जातात. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

चिखलाचे टायर, डांबरावरचं आयुष्य

ही चूक मी स्वतः केली आणि ती आंबोली घाटात कळली. नवेकोरे मड टेरेन टायर बसवून दोन आठवडे झाले होते. मोठी बटणं, म्हणजे नक्षीचे ठोकळे, खोल खाचा, गाडी बघूनच छाती फुलायची. रिमझिम पाऊस, उतार, वेग चाळिशीच्या आत. वळणापलीकडे एसटी उभी होती. ब्रेक दाबला तर पायाखाली एबीएसचा, म्हणजे ब्रेकमध्ये चाकं जॅम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, खडखडाट सुरू झाला आणि गाडी सरकतच राहिली. बसच्या मागे हातभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. ते हातभर अंतर मी अजून विसरलेलो नाही.

कारण अगदी साधं आहे. मड टेरेन, म्हणजे एम/टी टायरची बटणं मोठी आणि त्यांच्यामधली जागाही मोठी असते. चिखलात ती जागा कामाला येते: चिखल भरतो, चाक फिरलं की बाहेर फेकला जातो आणि बटणं पुन्हा पकड घेतात. पण ओल्या डांबराला लागतं ते उलटं. रस्त्याला टेकणारं रबर जास्त हवं, आणि त्यात बारीक चिरा हव्यात. टायरवाले त्यांना सायप म्हणतात. पाण्याचा पातळ थर कापून रबर डांबराला भिडवायचं काम या चिरा करतात. एम/टीमध्ये त्या फारच कमी असतात. घाटातल्या रस्त्यावर पहिल्या पावसात तेल आणि लाल मातीचा जो चिकट राडा होतो, त्यावर असा टायर अगदी लंगडा पडतो.

ए/टी म्हणजे ऑल टेरेन टायर दोन्हीकडचं थोडं थोडं घेतो. एच/टी म्हणजे हायवे टेरेन, हा मुख्यतः रस्त्याचा. जिम्नी आपल्याकडे एच/टीवर येते आणि कोरड्या मुरमाच्या वाटेवर ती त्या टायरांवरही छान चालते, हे घाईत टायर बदलणाऱ्यांनी आधी बघावं. माझं स्पष्ट मत आहे: पुणे, नाशिक, कोल्हापूर, पणजीत राहून शनिवार-रविवार बाहेर पडणाऱ्याने चांगला ए/टी घ्यावा. घेताना नक्षी किती राकट दिसते ते पाहू नये, बटणांवर सायप किती आहेत ते वाकून मोजावं. एम/टी त्यांनाच शोभतो ज्यांची गाडी खरोखर रोज चिखलात असते.

आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानाबद्दल एक गोष्ट. ती माती भिजली की गोंदासारखी होते. ए/टीची नक्षी चार फेऱ्यांत बुजते आणि टायर गुळगुळीत रूळ बनतो. एम/टी थोडा पुढे नेतो, पण चाक नि मडगार्डच्या मधे माती ठासून बसली की तोही अडकतो. शेतकरी वाफसा येईपर्यंत थांबतो, तसं आपणही थांबावं. ओल्या पाणंदीत खोल चाकोऱ्या पाडून आपण निघून येतो आणि मग बैलगाडीवाल्याचं पुढचं वर्ष त्याच चाकोऱ्यांत जातं.

मोठा साइज म्हणजे जास्त ताकद, हा समज

टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला शिका, अर्धी चूक तिथेच टळते. २४५/७५ आर १६ याचा अर्थ रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १६ इंचाचं. जिम्नीचा मूळ साइज १९५/८० आर १५, म्हणजे उभा व्यास ६९३ मिलिमीटर. त्या जागी २१५/७५ आर १५ टाकला तर व्यास साधारण ७०४, फरक दीड टक्का. इतकं गाडी सोसते. पण फोटो पाहून लोक २३५/७५ आर १५ मागतात. त्याचा व्यास ७३३ च्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ सहा टक्के वाढ.

यातून मिळतं काय? गाडीचं पोट फक्त २० मिलिमीटर वर जातं, कारण व्यासाच्या वाढीतला निम्माच भाग ॲक्सलच्या खाली असतो. आणि जातं काय? स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४-८५ ने पळत असते. प्रत्येक गिअर सहा टक्क्यांनी लांब होतो, म्हणजे ज्या फोर लोच्या, म्हणजे चारही चाकांच्या सावकाश पण जोरकस गिअरच्या, जोरावर आपण खडकावरून मुंगीच्या पावलाने चढतो, तोच जोर कमी होतो. दीड लिटरच्या इंजिनाला हे लगेच जाणवतं. टायर जड असल्याने ब्रेकवर ताण येतो. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगला टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, आणि एक चाक दगडावर चढलं की जास्तच घासतो. दुकानात सपाट जमिनीवर हे कळत नाही, म्हणून पैसे देण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, एक चाक फुटपाथवर चढवून बघा. टायर बॉडीच्या बाहेर डोकावत असेल तर आरटीओ आणि विमा दोन्हीकडे अडचण होऊ शकते; मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबद्दलच आहे.

याच्या उलट चूक म्हणजे मोठं रिम आणि पातळ टायर. २०२० च्या थारमध्ये १६ इंची रिमवर २४५/७५ आणि १८ इंची रिमवर २५५/६५ असे दोन साइज आले. पहिल्याची बाजू १८४ मिलिमीटर उंच, दुसऱ्याची १६६. दिसायला १८ इंची रिम देखणं, पण सह्याद्रीच्या दगडांत मला ती १८ मिलिमीटर जास्तीची रबराची गादी हवी असते. त्यावर कुणी २० इंची अलॉय बसवतो तेव्हा वाईट वाटतं. हवा कमी केल्यावर फुगून दगडाला मिठी मारायला बाजूच उरत नाही, आणि पहिलाच खड्डा रिमवर बसतो.

दोनच टायर बदलणं

साध्या गाडीत दोन टायर नवे, दोन जुने चालून जातं. फोर बाय फोरमध्ये ही सगळ्यात महागडी काटकसर ठरू शकते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

थार, जिम्नी, गुरखा यांच्या फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. दोन्हीकडच्या चाकांना कमी-जास्त फिरू देणारा गिअरचा संच, म्हणजे डिफरन्शियल, मधे नसतं. म्हणजे पुढची आणि मागची चाकं सारख्याच फेऱ्या मारणार. आता समजा पुढे १० मिलिमीटर खोल नक्षीचे नवे टायर आहेत आणि मागे झिजून ४ मिलिमीटरवर आलेले. व्यासात १२ मिलिमीटरचा फरक झाला. २४५/७५ आर १६ साठी हा दीड टक्का होतो. ढोबळ हिशेबाने दर किलोमीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा १५ मीटर जास्त जायला बघतात. चिखलात, वाळूत, खडीवर टायर घसरून हा फरक मोकळा होतो. डांबरावर मोकळा व्हायला जागाच नसते, म्हणून ताण शाफ्टमध्ये, ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) आणि जॉइंटमध्ये साठत जातो.

लक्षणं ओळखता येतात. हळू वळताना स्टिअरिंग जड होतं, टायर चुरचुरतात, गाडी कुणीतरी मागे धरल्यासारखी अडखळते, आणि फोर हायमधून टू हायमध्ये, म्हणजे दोनच चाकांच्या ताकदीवर, यायला लिव्हर तयार होत नाही. अशा वेळी जोर लावू नका. सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर आपोआप येतो. चारही टायर सारखे असले तरी कोरड्या डांबरावर फोर हाय लावून वळणं घेतली की हेच होतं, कारण वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात. तेव्हा टायरला दोष देण्याआधी आपली सवय बघावी.

म्हणून टायर एकाच साइजचे, एकाच नक्षीचे, एकाच वेळी घ्यावेत. जमलं तर पाचही. स्टेपनीला फेरपालटात घ्या, दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाच चाकांची जागा बदला, म्हणजे सगळे सारखे झिजतील. एक टायर फुटला तर नवा एकटा आणायची वेळ येत नाही.

बहुतेकांची स्टेपनी मात्र जुन्या साइजचीच राहते, कारण दुकानदार म्हणतो "लागतेच कधी?" लागते ती नेमकी रात्री, नेटवर्क नसलेल्या वाटेवर. वेगळ्या साइजची स्टेपनी लावावीच लागली तर ती पुढे लावा आणि गाडी टू हायमध्येच चालवा, कारण या गाड्यांत टू हायची ताकद मागच्या चाकांना जाते. मागचा टायर बसला असेल तर पुढचा चांगला टायर मागे न्या आणि स्टेपनी पुढे. अर्धा तास जास्त जातो, मागचं डिफरन्शियल वाचतं.

तारीख आणि वजन न वाचता घेणं

टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२२३ म्हणजे २०२३ चा बत्तिसावा आठवडा. मोठी सूट मिळत असेल तर आधी हे आकडे बघा. मला एका दुकानात पाचपैकी दोन टायर तीन वर्षं जुने दिले होते, तेही बिल झाल्यावर कळलं. तेव्हापासून मी टायर रिमवर चढायच्या आधी पाचही तारखा वाचतो. आयएसआयचा शिक्काही तेव्हाच पाहून घ्यावा.

साइजच्या पुढे वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर असतं. ९६ एस म्हणजे एका टायरवर ७१० किलो, ताशी १८० किलोमीटरपर्यंत. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा खाली जाऊ नका. एलटी लिहिलेला टायर जाड बाजूचा आणि कणखर असतो, पण तेवढंच वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते, आणि रिकाम्या गाडीत तो हाडं मोकळी करतो. लडाख किंवा स्पितीला हिवाळ्यात निघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की एम+एस (चिखल आणि बर्फ) हे अक्षर कुठल्याही बर्फातल्या चाचणीची हमी देत नाही. डोंगरात हिमकणाचं चित्र असेल तरच तो टायर बर्फासाठी तपासलेला आहे, आणि काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर त्यालाही साखळी लागते.

हवेचं गणित

चांगले टायर घेऊन लोक चुकीच्या हवेवर फिरतात. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो थंड टायरचा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पन्नास किलोमीटर पळवून पंपावर थांबलात, आकडा चार-पाच पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) वाढलेला दिसला, म्हणून हवा सोडलीत, तर सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. तसाच तो समृद्धी महामार्गावर निघाला तर ७०१ किलोमीटरचं तापलेलं काँक्रीट आणि १२० चा वेग यात बाजूचं रबर आतून भाजतं. महामार्गावर निघायच्या आधी, घरी, थंड टायरची हवा तपासा.

वाळूत मात्र हवा मुद्दाम कमी करायची असते. जैसलमेरच्या टेकड्यांवर १५ ते १८ पीएसआयवर टायर पसरतो आणि लांब पावलाने चालतो. दगडी वाटेवर २० ते २४ ठेवतो मी. पुन्हा डांबर लागायच्या आधी भरायची सोय हवी, म्हणून बॅटरीला चिमटे लावून चालणारा कंप्रेसर सोबत ठेवा. सिगारेट लायटरच्या जागेत खोचायचे छोटे पंप चार मोठे टायर भरता भरता तापून बंद पडतात. आणि किनाऱ्यावर सराव नको. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं हा गुन्हाच आहे, आणि वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. तिथे चाक फिरवायचा आपल्याला कसलाही हक्क नाही.

बसवल्यावर काही खटकलं तर

८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या, आणि रिमच्या आतल्या बाजूला चिखल सुकलाय का ते बघा. निम्म्या वेळा तोच असतो. जिम्नीसारख्या सलग ॲक्सलच्या गाडीत ही थरथर जास्त जाणवते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहा, नक्षी एकाच दिशेची नसेल तर. ओढही बाजू बदलून आली तर दोष टायरचा, नाहीतर अलाइनमेंटचा. दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी, मधला पट्टा झिजला म्हणजे जास्त. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला, पण पावसाळ्याच्या तोंडावर मी ३ मिलिमीटरलाच बदलतो.

बाभळीचा काटा नक्षीत घुसला तर दोरीचं पंक्चर चालतं. बाजूला चीर पडली किंवा फुगवटा आला तर तो टायर तिथेच थांबवा. आत ट्यूब टाकून "अजून वर्ष काढेल" असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

आणि नवे टायर बसवून ७०-१०० किलोमीटर झाले की पाना घेऊन सगळे नट एकदा स्वतः तपासा, दारावर टांगलेल्या स्टेपनीचेही.