पाण्याखालच्या स्कूटरचा डिस्प्ले कसा वाचायचा

पैठणच्या नाथसागरात पाणी गढूळ असलं की हातभरावरचंही नीट दिसत नाही. म्हणून पाणबुड्याला पाण्याखाली ओढत नेणाऱ्या बॅटरीच्या स्कूटरचा डिस्प्ले मागच्या हँडलजवळ, मास्कपासून वीत-दीड वीत अंतरावर येईल असा बसवा.

निव्वळ व्होल्टेजवर विसंबू नका. ट्रिगर दाबला की आकडा पडतो, सोडला की पुन्हा चढतो. १० सेलच्या लिथियम-आयन पॅकमध्ये (पूर्ण चार्ज ४२ व्होल्ट) हे नेहमीचंच. खरा हिशोब वॉट-तासांचा, म्हणजे बॅटरीतून खर्च झालेल्या ऊर्जेचा. ६०० वॉट-तासांपैकी २०० खर्च झाले की मागे फिरा: २०० परतीला, २०० अडीनडीला. पॅक जुना असेल तर छापील क्षमता विसरा, मोजलेली धरा.

सुरुवातीलाच नेहमीच्या वेगाचे अँपिअर लक्षात ठेवा. वेग तोच आणि अँपिअर वाढले, तर पंख्यात बहुधा मासेमारीचं जाळं किंवा शेवाळ गुंतलंय. हात घालण्याआधी मेन स्विच बंद, अपवाद नाही.

गळतीचा सेन्सर दोन टोकांमधली वीजवाहकता ओळखतो. गोडं पाणी समुद्रापेक्षा फार कमी वीज वाहतं, त्यामुळे समुद्रात चालणारा अलार्म धरणात गप्प राहू शकतो. धरणाच्याच पाण्यात भिजवलेलं फडकं टोकांवर ठेवून तपासा.

वजनही बदलतं. समुद्रात ना बुडेल ना तरंगेल अशी तोललेली, २० लिटर पाणी सारणारी स्कूटर इथे साधारण अर्धा किलो जड भासते; तोलासाठी लावलेलं तेवढं शिसं काढा.

मे महिन्यात पॅक बंद गाडीत ठेवू नका. पॅकचं तापमान ४५ अंशांवर दिसलं, तर चार्जर लावूच नका.