वस्तीतल्या विहारात धम्मवर्ग आणि परीक्षा कशी घ्यावी

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहतात ते तीन महिने. म्हणजे बारा-तेरा रविवार. धम्मवर्ग चालवून शेवटी परीक्षा घ्यायला तेवढे पुरतात.

सगळ्यात आधी परीक्षेचा दिवस ठरवा. आम्ही नाशिककर 13 ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तिथे जातो, दसऱ्याला कित्येक जण दीक्षाभूमीसाठी नागपूरची गाडी धरतात, आणि त्याच सुमारास शाळांची सहामाही. त्यामुळे सप्टेंबरचा शेवटचा रविवार बरा. शाळेचं वेळापत्रक मात्र पालकांना विचारून घ्या.

अभ्यासक्रम आखडता ठेवा. मुलांना त्रिसरण, पंचशील, चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग आणि धम्मदीक्षेच्या 22 प्रतिज्ञा. मोठ्यांसाठी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. त्याचे आठ खंड आहेत, एका वर्षावासात एकच घ्या. सगळा ग्रंथ उरकायचा हट्ट धरलात की चौथ्या रविवारी सतरंजी रिकामी दिसते.

आता खरं काम. गाथा मुलांना पाठच असतात, पण एका मुलाला मी विचारलं, "वेरमणी म्हणजे काय?" तर म्हणाला, "कुठलातरी मणी असेल." पोरगं रोज संध्याकाळी खणखणीत वंदना म्हणायचं! म्हणून दर रविवारी एकच शील फळ्यावर फोडून लिहा: अदिन्नादाना, न दिलेलं घेण्यापासून, वेरमणी, दूर राहणं, सिक्खापदं, शिकण्याचा नियम, समादियामि, मी स्वीकारतो. 'चोरी करू नको' असा हुकूम त्यात कुठेच नाही, आपणहून घेतलेलं शिक्षण आहे, हे मुलांच्या मग आपोआप लक्षात येतं. एका तासाला एवढं पुरे.

मधला एक रविवार नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांसाठी (पांडवलेणी) राखा. पाथर्डी फाट्याजवळ उतरून पायऱ्या चढायच्या. पावसात त्या निसरड्या होतात, तेव्हा लहानग्यांचा हात धरा. 24 लेणी एका दिवसात दाखवू नका, दहा नंबरच्या लेण्यासमोर बसा. तिथल्या ब्राह्मी लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने केलेलं दान आहे: गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी), दरमहा शेकडा एक व्याजाने कायमचे ठेवलेले. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण. मुलांना तिथेच वहीत हिशेब करायला लावा. वर्षाचं व्याज 240, आणि वीस बारे 240. आकडे जुळल्यावर मुलं त्या भिंतीकडे वेगळ्याच नजरेने बघतात. वर्षावास हा शब्दही मग पाठ करून घ्यावा लागत नाही.

पेपर 50 गुणांचा ठेवा: 20 तोंडी, 30 लेखी. पहिल्या वर्षी मी सगळ्या रिकाम्या जागाच काढल्या. बहुतेकांना पैकीच्या पैकी! कोणाला काय समजलं, हे काही मला कळलं नाही. तेव्हापासून निम्मे प्रश्न असे काढतो: 'विहारात पन्नासची नोट सापडली, कोणी पाहिलं नाही. काय कराल? कोणतं शील आठवेल?' एकाने लिहिलं होतं, 'दानपेटीत टाकीन.' दुसऱ्याने, 'आधी ज्याची आहे त्याला शोधीन.' गुण दोघांनाही द्या, पण पुढच्या रविवारी त्यावर बोला, कारण न विचारता दुसऱ्याचं दान करणं हेही न दिलेलं घेणंच.

उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घाला आणि शेजारच्या विहारातल्या कोणाकडून तरी तपासून घ्या. वस्तीत सगळेच एकमेकांचे नातेवाईक, तक्रारी टळतात. नंबर काढू नका, प्रमाणपत्र सगळ्यांना द्या.

आणि आजीबाई परीक्षेला बसल्या तर त्यांचा पूर्ण पेपर तोंडी घ्या. लिहिता येत नाही म्हणून त्या मागेच बसतात. त्यांच्यापुढे चहा ठेवा, प्रश्न सावकाश वाचा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.