हॉर्सशू बेंडला जाताय? मग या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरी आई-बाबा राहायला आले की ॲरिझोनाची एक फेरी ठरलेलीच असते. ग्रँड कॅन्यन, अँटिलोप कॅन्यनची अरुंद घळ आणि त्यांच्याच जोडीला पेज गावाजवळचा हॉर्सशू बेंड. कोलोरॅडो नदी इथे घोड्याच्या नालासारखी वळते आणि कड्यावर उभं राहिलं की ती सुमारे 1,000 फूट खाली दिसते. पार्किंगपासून कड्यापर्यंत जाऊन-येऊन दीड मैल, म्हणजे अडीच किलोमीटरसुद्धा नाही. वाट रुंद आणि घट्ट बांधलेली, व्हीलचेअर जाईल अशी. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "एवढ्याशा चालण्याला तयारी कसली करायची?"

मी इथे बऱ्याच वेळा गेलो आहे, पाहुण्यांना घेऊनही गेलो आहे. माझं स्पष्ट मत असं की सह्याद्रीत गडकिल्ले फिरलेली माणसंच इथे जास्त फसतात. कारण त्यांना डोंगराची सवय असते, पण ती सवय वेगळ्या डोंगराची असते.

घाम दिसत नाही म्हणून पाणी न पिणं

जुलै महिना, सकाळचे अकरा. आई-बाबा सोबत. बाटल्या गाडीतच राहिल्या, कारण आई म्हणाली, "अरे, कशाला ओझं? आत्ता जाऊन येऊ." कड्यापर्यंत सगळं छान. परतताना वाट हलक्या चढाची आहे, तिथे आई दोनदा थांबली. "मला तर घामसुद्धा येत नाहीये बघ," ती म्हणाली. ती पाठमोरी झाली तेव्हा तिच्या काळ्या कुर्त्यावर खांद्याखाली मिठाची पांढरी रेघ उमटलेली दिसली. घाम भरपूर आला होता, पण हवा इतकी कोरडी की येताक्षणी उडून जात होता.

राजगड चढताना शर्ट पिळून काढावा लागतो, तेव्हा पाणी प्यायची आठवण शरीरच करून देतं. वाळवंटात ती आठवण उशिरा येते. तहान लागेपर्यंत थांबू नका. इतक्या छोट्या वाटेलाही माणशी एक लिटर पाणी खांद्यावर हवंच. गडावर एखादं टाकं सापडतं, त्या भरवशावर इथे राहू नका. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ पोटात जायला हवं. मी आता लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घरून करून नेतो आणि सोबत भडंग किंवा खारे शेंगदाणे.

कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर "गाडी जवळच आहे, चला" असं म्हणून ओढत नेऊ नका. वाटेवर सावलीचे मांडव आहेत, तिथे बसवा, ओढणी किंवा रुमाल भिजवून मानेवर ठेवा, सरबत घोटाघोटाने द्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा गुंगीत गेला, तर त्याला तोंडाने काही पाजू नका. सरळ 911 ला फोन करा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडत वारा घालत राहा.

उन्हाळ्यात सकाळी लवकर जाणं सगळ्यात बरं. लहान मुलांना चपला काढून वाळूत खेळू देऊ नका. दुपारी ती वाळू भाजते.

कडा आपल्या कातळासारखा आहे असं समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. सह्याद्रीचा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, बेसॉल्ट. हॉर्सशू बेंडचा कडा वालुकाश्माचा, सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दबून, कण एकमेकांना चिकटून झालेला. हाताने घासलात तर बोटांना लाल-नारिंगी भुकटी लागते. दिसायला घट्ट, पण कडेच्या पातळ चकत्या मोडू शकतात आणि वर सांडलेले सुटे वाळूकण बुटाखाली मोहरीसारखे घरंगळतात.

2018 मध्ये इथे कठडा बांधला, पण तो कड्याच्या थोड्याशाच भागाला आहे. डावी-उजवीकडे कडा मोकळाच आहे आणि तिथून माणसं पडून मेलेली आहेत. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला आपण पालथं झोपून डोकं बाहेर काढतो. इथे तसं करू नका. जिथे झोपाल तो दगड खालून पोकळ असू शकतो आणि वरून ते कळायला मार्ग नसतो. मोकळ्या कड्यापासून दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर ठेवलं तरी दृश्य तेवढंच भव्य दिसतं. मुलांचा हात सोडू नका. फोटो काढताना मागे सरकायचं असेल तर आधी वळून बघा. वारा जोरात सुटतो, म्हणून टोपीला हनुवटीखाली बांधायचा बंद हवा. उडालेल्या टोपीमागे कुणीही धावायचं नाही, हे गाडीतच सगळ्यांना सांगून ठेवा.

फोटोची वेळ

सगळ्यांना सूर्यास्त हवा असतो. पण इथे आपण पश्चिमेकडे तोंड करून उभे असतो. सूर्य समोर, दरी काळोखात, आणि आपला माणूस नुसती सावली. आकाशाचे रंग हवे असतील तर सूर्यास्ताला जरूर जा. नदीचं हिरवं पाणी बघायचं असेल तर ऊन तळापर्यंत पोचायला हवं, म्हणजे दहा-साडेदहापासून दुपारपर्यंत. हिरवं पाणी हाही एक नवलाचा भाग आहे. कोलोरॅडो या स्पॅनिश नावाचा अर्थच तांबडी, गाळाने लाल झालेली. वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण आहे, 1963 मध्ये त्याने पाणी अडवलं. तेव्हापासून गाळ मागे धरणाच्या जलाशयात, लेक पॉवेलमध्ये बसतो आणि खाली नितळ, थंड पाणी येतं.

साध्या मोबाइल कॅमेऱ्यात हे वळण मावत नाही, 0.5 वाली वाइड लेन्स लावा. उन्हात फोन तापून बंद पडला तर सावलीत ठेवून थांबा. बर्फाच्या डब्यात ठेवू नका, आत दव धरतं. ड्रोन घरीच ठेवा. हा भाग नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि तिथे ड्रोनला बंदी आहे.

पार्किंग

पार्किंग पेज शहराचं आहे, कारला 10 डॉलर. नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही, त्यावरून दारात वाद घालू नका. हायवेच्या कडेला गाडी लावायला मनाई आहे.

घड्याळाचा घोळ

उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे करतात, ॲरिझोना करत नाही. पण ज्याचा मोठा भाग ॲरिझोनातच आहे ते नवाहो नेशन (नवाहो मूळनिवासींचा स्वशासित प्रदेश) करतं, आणि शेजारचं युटाही करतं. पेज ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं. युटाची हद्द इतकी जवळ आहे की फोन कधी इथलं टॉवर पकडतो, कधी तिथलं, आणि खिशातल्या खिशात तास बदलतो. फोनमधली आपोआप वेळ बंद करा आणि फिनिक्सची वेळ लावा. खरी फजिती पुढे होते. पेजहून नवाहो नेशनमधल्या मॉन्युमेंट व्हॅलीला निघालात की उन्हाळ्यात एक तास हातचा जातो, आणि तिथली जीप तुमची वाट बघत नाही. हिवाळ्यात लास वेगासहून येतानाही तसाच एक तास कमी होतो. बुकिंग करतानाच विचारा, "ही वेळ कुठली?"

पाऊस इथे नाही म्हणून निर्धास्त राहणं

जुलै ते सप्टेंबर इथला मॉन्सून. हॉर्सशू बेंडला धोका विजेचा. मोकळ्या कड्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, गडगडाट ऐकू आला की गाडीत परत जा. अँटिलोप कॅन्यनची गोष्ट वेगळी. 12 ऑगस्ट 1997 ला लोअर अँटिलोपमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात 11 पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता कित्येक मैल लांब, वरच्या बाजूला. आपल्याकडे ओढा फुगायच्या आधी आपण स्वतः भिजलेले असतो, इथे डोक्यावर निळं आभाळ असताना पाणी येतं. म्हणून गाइडने फेरी रद्द केली तर पैशांची हुज्जत घालू नका. ती संध्याकाळ पेजमध्ये धरणाजवळ घालवा आणि हवा निवळली तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्या.