आयपी कॅमेरे क्लाउडला जोडायचेत? आधी कॅमेऱ्याचं घड्याळ बघा

मागच्या वर्षी मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात चोरी झाली. चारही कॅमेरे चालू होते. पण चोरांनी जाताना गल्ल्याखालचा एनव्हीआरही (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) उचलून नेला, म्हणजे चोरीबरोबर चोरीचं रेकॉर्डिंगही गेलं. क्लाउडचा खरा उपयोग इथे आहे: रेकॉर्डिंगची एक प्रत दुकानाबाहेर राहते. नवा एनव्हीआर बसवल्यावर चारही कॅमेरे क्लाउडला जोडायचं काम माझ्याकडे आलं. क्लाउडवर खातं उघडायला दहा मिनिटं लागली, बाकी अख्खा रविवार राउटरच्या अलीकडच्या भानगडींत गेला. तुमचा तेवढा जाऊ नये म्हणून हा क्रम.

१. अपलोड मोजा

ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला आकडा बहुतेकदा डाउनलोडचा असतो. कॅमेऱ्याला अपलोड लागतं. दुकानातल्या वाय-फायवर स्पीड टेस्ट करा आणि दुसरा आकडा बघा. एक कॅमेरा सलग २ एमबीपीएसनं पाठवत राहिला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी जातात. चार कॅमेऱ्यांचे महिन्याला अडीच टीबीच्या वर. ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही मासिक मर्यादा असू शकते, ती आधी विचारून घ्या.

म्हणून चोवीस तासांचं पूर्ण रेकॉर्डिंग एनव्हीआरवर ठेवा. क्लाउडवर फक्त हालचाल झाली की त्या क्लिप, किंवा कमी रिझोल्यूशनची सब-स्ट्रीम पाठवा. सब-स्ट्रीम ५१२ केबीपीएसवर ठेवली तर कॅमेऱ्यामागे दिवसाला साडेपाच जीबीत भागतं.

२. जोडणीचा रस्ता ठरवा

कॅमेऱ्याच्या कंपनीचाच क्लाउड घेतलात तर ॲपमधून क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे असतील तर वेगळा प्लॅटफॉर्म लागतो. असे बरेच प्लॅटफॉर्म दुकानात एक छोटा डबा बसवायला सांगतात. तो आतून कॅमेऱ्यांशी बोलतो आणि बाहेर क्लाउडशी एनक्रिप्टेड जोडणी करतो. मला हाच मार्ग पटतो.

‘राउटरवर ५५४ पोर्ट उघडा, आम्ही बाहेरून स्ट्रीम ओढून घेतो’ असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. हे पोर्ट आरटीएसपीचं, म्हणजे कॅमेऱ्याची स्ट्रीम नेटवर्कवरून पाठवायच्या पद्धतीचं. साध्या आरटीएसपीत चित्र एनक्रिप्ट होत नाही, आणि उघडं पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरनं कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर असेच हजारोंनी ताब्यात घेतले होते.

३. कॅमेऱ्याला कायमचा पत्ता द्या

वीज गेली, राउटर बंद-चालू झाला की कॅमेऱ्याचा आयपी बदलू शकतो आणि क्लाउडवर तो ‘ऑफलाइन’ दिसतो. राउटरच्या डीएचसीपी (आपोआप आयपी वाटण्याच्या) सेटिंगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्यासाठी आयपी राखून ठेवा. कुठल्या कॅमेऱ्याचा कोणता, ते वहीत लिहा. राउटर आणि पीओई स्विच (कॅमेऱ्यांना एकाच केबलमधून वीज आणि नेटवर्क देणारा) इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका.

४. पासवर्ड आणि घड्याळ

माझा निम्मा दिवस इथे गेला. प्लॅटफॉर्म आणि कॅमेरे बहुधा ऑनव्हिफ या प्रमाणित पद्धतीनं एकमेकांशी बोलतात. काही कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असतं. ते चालू करून त्यासाठी वेगळा युजर तयार करावा लागतो. ॲडमिनचा पासवर्ड तिथे चालत नाही. तेही केलं, तरी डबा आपला ‘लॉगिन नाकारलं’ म्हणत राहिला.

मामा म्हणाले, “अरे, पासवर्ड बरोबर आहे, मी स्वतः वहीत लिहिलाय!”

पासवर्ड खरंच बरोबर होता. बसवणाऱ्यानं घड्याळ हातानं लावलं होतं, पण टाइम झोन चीनचाच, जीएमटी अधिक आठ, ठेवला होता. पडद्यावर वेळ अगदी बरोबर दिसत होती. पण ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये जागतिक वेळ मिसळलेली असते आणि त्या हिशेबानं कॅमेरा अडीच तास मागे होता. विनंतीवरची वेळ आपल्या वेळेशी जुळत नाही म्हणून डब्याला हाकलत होता. झोन जीएमटी अधिक साडेपाच केला, एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणं) चालू केलं, डेलाइट सेव्हिंग बंद केलं आणि चारही कॅमेरे मिनिटभरात दिसले.

पासवर्डात @ हे चिन्हही घालू नका. आरटीएसपीच्या पत्त्यात @ च्या आधी युजर-पासवर्ड आणि नंतर आयपी असतो, त्यामुळे आणखी एक @ आला की पत्ता चुकीच्या जागी तुटू शकतो.

५. स्ट्रीमची सेटिंग

एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती. एच.२६५ जास्त जागा वाचवतं, पण सगळ्या ब्राउझरमध्ये नीट चालेलच असं नाही. क्लाउडला जाणारी स्ट्रीम एच.२६४ ठेवा. नावापुढे अधिक चिन्ह किंवा ‘स्मार्ट’ लिहिलेला पर्याय बंद करा. सेकंदाला १५ फ्रेम आणि आय-फ्रेमचं अंतर ३० ठेवलं, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र, तर दुकानासाठी पुरेसं आहे.

प्लॅटफॉर्मवर टाकण्याआधी हीच स्ट्रीम लॅपटॉपवर व्हीएलसीच्या ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये लावून बघा. तिथे दिसत नसेल तर क्लाउडवरही दिसणार नाही, आणि कस्टमर केअरशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

६. जोडा आणि तपासा

आता प्लॅटफॉर्मवर कॅमेरा जोडा. नावं ‘कॅमेरा १’ अशी न देता ‘गल्ला’, ‘शटर’, ‘गोदाम’ अशी द्या. रात्री दोनला नोटिफिकेशन आलं की फरक कळतो. क्लिप किती दिवस राहणार ते बघा आणि खात्याला ओटीपीचं दुहेरी कुलूप लावा. समोरच्या घराचं दार फ्रेममध्ये येत असेल तर प्रायव्हसी मास्कनं तेवढा भाग झाका.

मग फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर चित्र उघडा. दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीची एक क्लिप डाउनलोड करून चालवून बघा.

पहिल्या आठवड्यात रात्री नोटिफिकेशनचा पाऊस पडला तर चोर शोधण्याआधी काच बघा. इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमतात, त्यांच्या मागे कोळी येतो, आणि काचेसमोर हलणारं जाळं कॅमेऱ्याला माणसाएवढं मोठं दिसतं. मामा आता दर सोमवारी शटर उघडलं की आधी कॅमेऱ्यावरून झाडू फिरवतात.